यंदा काय सोडलं?

राखेच्या बुधवारी आमच्या गावठाणात "कसं काय" कुणी विचारत नाही. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन माणसं देवळातून बाहेर पडतात आणि स्कूटरला किक मारता मारता एकमेकांना विचारतात, "यंदा काय सोडलं?" ईस्टरपर्यंतच्या उपासकाळात काहीतरी आवडीचं सोडायचं, ही आमची रीत. कुणी दारू सोडतं, कुणी मटण, कुणी मोबाइलवरच्या मालिका. समोरच्या टॉवरमधल्या एक बाई मला एकदा म्हणाल्या, "म्हणजे आमच्या चातुर्मासासारखं." मी म्हटलं, "हो, पण आमचं लवकर आटपतं."

बोरीवलीत आमच्यासारख्या गावठाणांचे आता तुकडेच उरलेत. चारी बाजूंनी सोसायट्या, मध्ये आमच्या गल्ल्या, उतरत्या छपरांची काही घरं आणि नाक्यावर चुन्याने रंगवलेला क्रूस. पत्ता सांगताना रिक्षावाल्याला दोनदा सांगावा लागतो. पण उपासकाळ आला की सगळं गावठाण एका घरासारखं होतं. कोण काय सोडतंय आणि कोण गुपचूप खातंय याची खबर सगळ्यांना असते. दारू सोडलेला माणूस नाक्यावर जरा लटपटला तरी घरी पोचायच्या आत बायकोला कळतं.

आमच्या घरात हे सोडणं आदल्या रात्रीच्या जेवणाला मोठ्याने सांगायचं, हा पप्पांचा नियम. पप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर मी आणि माझा नवरा त्यांच्याकडेच राहायला आलो. पप्पा साकीनाक्याला एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले तरी बोलणं फिटरचंच राहिलं. "बोलून टाकलं की नट आवळला जातो," म्हणायचे. एका वर्षी त्यांनी चहा सोडला आणि आठवडाभर डोकं धरून बसले. एका वर्षी शेजाऱ्याची निंदा सोडली, ती दुसऱ्याच दिवशी सुटली, म्हणजे पुन्हा सुरू झाली. तेवढी एक हार. बाकी सगळं त्यांनी पाळलं. देवाच्या बाबतीत ते उधारी ठेवत नसत.

त्या वर्षी जेवताना नवऱ्याने सांगितलं, बियर. मी सांगितलं, गोड. माझ्या गोडाला कुणी मोजत नाही, कारण मी ते दर वर्षी सोडते आणि दर वर्षी चरबी तेवढीच. मग आम्ही पप्पांकडे बघितलं. ते बोंबलाचा काटा काढत होते.

"यंदा माझं नि देवाचं हाय ते," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं नाय."

मी हसले. म्हातारा या वयात देवाशी गुपितं करायला लागला, असं नवऱ्याला म्हणाले. आज ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी देवळातून आल्यावर त्यांनी आमची वेदी झाकली. वेदी म्हणजे पुढच्या खोलीतली भिंतीवरची लाकडी फळी. तिच्यावर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, मरियामातेची मूर्ती, एक क्रूस आणि मेणबत्त्या. देवळात मूर्ती झाकतात त्या पार शेवटी, ईस्टरच्या आधी थोडे दिवस. पण पप्पांच्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे पहिल्याच दिवशी सगळ्यावर जांभळं कापड पडायचं. ईस्टरच्या रात्रीपर्यंत ते कुणी उचलायचं नाही. त्याच्यासमोर उभं राहून प्रार्थना करायची, पण खाली कोण आहे ते बघायचं नाही. लहानपणी मी त्या खोलीत एकटी जायला घाबरायचे. मूर्तीच्या खांद्यांचा आकार कापडातून दिसायचा आणि वाटायचं, आत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे. मोठी झाले तरी ती भीती पूर्ण गेली नाही. नुसती शहाणी झाले.

पप्पांनी काय सोडलं हे शोधायचा मला चाळाच लागला. चहा पीत होते. साखर घालून पीत होते. बातम्या बघत होते आणि पुढाऱ्यांना पहिल्यासारखेच शिव्या देत होते. बिडी तर हार्ट अटॅक आला तेव्हाच सुटलेली. मी आडून आडून विचारायचे आणि ते म्हणायचे, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? विचार ना सरळ." सरळ विचारलं की गप्प.

मग त्यांचे पाय सुजायला लागले.

आधी चपलेच्या पट्ट्याचे वळ दिसले. मग घोट्याजवळ बोट दाबलं की खड्डा राहायचा. अटॅकनंतर त्यांचं हृदय अशक्त झालं होतं. डॉक्टरांनी अंगातलं पाणी काढायची एक गोळी आणि तिच्यासोबत आणखी तीन-चार गोळ्या रोजच्या रोज, मरेपर्यंत, असं बजावलं होतं. त्या गोळ्या वारांच्या कप्प्यांच्या प्लास्टिकच्या डबीत मीच भरायचे. रोज संध्याकाळी त्या दिवसाचा कप्पा रिकामा आहे ना, हे मी दारोग्यासारखी तपासायचे. कप्पा रिकामाच असायचा. म्हणजे गोळ्या जात होत्या. तरी सूज चढत होती.

सगळ्यात विचित्र म्हणजे सोमवार. सोमवारी त्यांचे पाय उतरलेले असायचे, चेहरा जरा मोकळा असायचा. मला वाटायचं, चला, सुधारतंय. शुक्रवारपर्यंत पुन्हा पाय भरायचे. जिना चढून आले की दाराच्या चौकटीला धरून उभे राहायचे, आणि मी बघतेय असं दिसलं की चौकटीचा रंग कसा उडालाय ते सांगायचे. उशा एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण बोट ठेवायला जागा सापडेना.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, पाय दाबले आणि मला विचारलं, "मीठ जास्त होतंय का जेवणात?" झालं. घरी आल्यावर मी सुकी मासळी, पापड, लोणचं सगळं फळीवरून काढलं आणि पप्पांना असं काही झापलं की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. ते ऐकून घेत होते. एरवी एकाला दोन सांगणारा माणूस मुकाट ऐकतोय, यात काहीतरी वाईट आहे, हे तेव्हाच मला कळायला हवं होतं. डॉक्टरांनी पाण्याच्या गोळीचा डोस वाढवला. मी डबीत एकाच्या जागी दोन गोळ्या भरायला लागले. कप्पा रिकामा होत राहिला.

मुंग्यांनी सांगितलं शेवटी.

शुक्रवारची दुपार होती. पप्पा देवळात क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गेले होते. चालवत नव्हतं, तरी रिक्षा करून गेले. मी पुढच्या खोलीत झाडू मारत होते. भिंतीवरून तांबड्या मुंग्यांची एक बारीक ओळ वर चढत होती आणि वेदीवरच्या जांभळ्या कापडाखाली शिरत होती. मला वाटलं, आत उंदीर मरून पडला असेल. किंवा मागच्या नाताळातलं काही गोड पडून राहिलं असेल. कापड उचलायचं नाही हे मला माहीत होतं. मी थोडा वेळ झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. कापडातून मूर्तीचे खांदे दिसत होते. पन्नाशी उलटलेली बाई मी, पण हात पुढे होईना. मग डोळे मिटून एक नमो मरिया म्हटलं आणि टोक उचललं.

मरियामातेच्या पायाशी चहाची बशी होती. बशीत गोळ्यांचा ढीग. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. एका गोळीला वरून गोड लेप असतो, तो मुंग्यांनी चाटून काढला होता. बाकीच्या जशाच्या तशा. मी कापड सोडलं आणि खुर्चीत बसले. आपण रोज या फळीसमोर उभं राहून पप्पांच्या तब्येतीसाठी प्रार्थना करत होतो आणि आपल्या नाकासमोर कापडाखाली त्यांचं मरण साठत होतं, हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

पप्पा आले तेव्हा धापा टाकत होते. मी बशी टेबलावर ठेवली होती. त्यांनी बशीकडे बघितलं, मग वेदीकडे.

"कापड उचललंस?" ते म्हणाले. राग त्याचा आला त्यांना!

"पप्पा, तू गोळ्या सोडल्यास?" आमच्यात बापाला तूच म्हणतात. देवालाही.

"बस खाली. ओरडू नको. रविवारी घेतो मी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडायला आलं. उपासकाळातले रविवार उपासात धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी सोडलेलं खाल्लं-प्यायलं तरी चालतं. माझा नवरा याच नियमावर दर रविवारी बियर पितो. पप्पांनी तोच नियम धरून रविवारच्या गोळ्या इमानदारीने घेतल्या होत्या. म्हणून सोमवार बरे जायचे. जीव द्यायला निघालेला माणूस आणि तोही देवळाचं कॅलेंडर पाळून! असा वेडेपणा आमच्याच लोकांना सुचू जाणे.

"पण गोळ्या कोण सोडतं रे? लोक दारू सोडतात, मटण सोडतात."

"चहा सोडून काय होतं? डोकं दुखतं. ज्याच्यावाचून जगता येत नाय ते सोडलं तर सोडलं. गोळीवर जगायचं की देवावर, ते तरी कळेल."

"आणि मेलास तर?"

ते खिडकीतून नाक्यावरच्या क्रुसाकडे बघत राहिले. त्या बघण्यातच मला उत्तर मिळालं, आणि माझा राग एकदम थंड पडला. रागापेक्षा वाईट काहीतरी त्याच्या जागी आलं.

"पप्पा, तुला मरायचंय?"

"मरायचं नाय. पण मरायचंच हाय तर आत्ता बरं. आत्ता मी नीट हाय."

नीट म्हणजे काय, ते मग त्यांनी सांगितलं. माझे थोरले काका, पप्पांचे सख्खे भाऊ, नाक्यावरच्या क्रुसासमोर सगळी हयात रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, सांगत. मे महिन्यात सगळं गावठाण तिथे गुडघ्यावर असायचं आणि पुढे काकांचा आवाज. लोक त्यांना अर्धा फादर म्हणायचे. त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला तेव्हा मी शाळेत होते. ते शांतपणे गेले, असं मला सांगितलं होतं आणि मी ते आजवर खरं धरून होते.

"शांत कुठला," पप्पा म्हणाले. "सहा महिने कुजला तो. शेवटी फादर पवित्र भाकर घेऊन आले, तर हात झटकला त्याने. म्हणाला, जा, कोण नाय तिथं. मी पाय धरून उभा होतो त्याचे. कोण नाय, कोण नाय, म्हणत गेला."

मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी घोटभर घेतलं.

"दारात चार माणसं होती. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी गावभर, आपल्या घरासमोर तेवढे गप्प. शेवटी त्याने देव सोडला, म्हणून. एवढ्या वर्षांची रोझरी गेली कुठं? कोणाला आठवत नाय. ते एक वाक्य आठवतं. आणि मी त्याचाच भाऊ हाय. माझं हाड पण तेच. मी असाच कुजत पडलो तर माझ्या तोंडातून काय निघेल, मला माहीत नाय. आज माझा विश्वास हाय. आज मी गेलो तर टिकून गेलो."

एवढं बोलायलाही त्यांना मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. मला आठवलं, प्रत्येक अंत्ययात्रेनंतर पप्पा एकच विचारायचे: शुद्धीत होता का, शेवटचं काय बोलला? मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना असतात अशा चौकशा.

मी फोन करून फादरना बोलावलं. आमचे फादर वसईकडचे, माझ्या मुलीच्या वयाचे, मोटरसायकलवरून फिरतात. त्यांनी सगळं ऐकलं. बशी बघितली. चेहरा पडला त्यांचा. मग खुर्ची पप्पांच्या अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी ओढली.

"अंकल, जे आपलं आहे ते सोडायचं. जीव तुमचा आहे का?"

"देवाचा."

"मग त्याची वस्तू त्यालाच न विचारता परत कशी करता?"

पप्पांनी मान खाली घातली. नियमाची भाषा त्यांना कळायची. फादरनी पाणी मागितलं, मी दिलं, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्या दिवसाच्या गोळ्या पप्पांच्या तळहातावर ठेवल्या. पप्पांनी त्या गिळल्या. मग विचारलं, "आणि शेवटी मी घसरलो तर, फादर?"

"देव काय माणसाचं शेवटचं वाक्यच ऐकतो?"

"लोक तेच ऐकतात."

फादरनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला त्यांचा राग आला. एवढी वर्षं सेमिनरीत, त्या फादरांच्या शाळेत, काय शिकवतात यांना, असं वाटलं. पण खरं म्हणजे मला स्वतःलाही काही सुचत नव्हतं, आणि राग कुणावर तरी काढायचा होता.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण उशीर झाला होता. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी पप्पांना देवळात उभं राहवेना. पवित्र आठवड्यात फुप्फुसात पाणी भरलं आणि त्यांना जवळच्या हॉस्पिटलात हलवलं. गुड फ्रायडेच्या दुपारी तीन वाजता, जेव्हा गावठाणातलं झाडून सगळं माणूस देवळात क्रुसाचं चुंबन घ्यायला रांगेत उभं असतं, तेव्हा मी आयसीयूत त्यांच्याजवळ होते. त्यांच्या तोंडावर मास्क होता आणि ते तो ओढत होते, म्हणून नर्सने त्यांचे हात पट्टीने कॉटला बांधले होते. हात बांधलेला माझा बाप, आणि बाहेर तो दिवस. मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न करत होते.

मी त्यांच्या कानाशी नमो मरिया म्हणायला लागले. आमच्याकडे रोझरी दोघांनी म्हणायची असते. एकाने अर्धी म्हणायची, उरलेली दुसऱ्याने. मी पहिली अर्धी म्हटली आणि थांबले. त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात कधी त्यांचे ते डोळे बघितले नव्हते. मास्कच्या आतून, वाफेतून, पण स्पष्ट, ते म्हणाले, "कोण नाय." मग मान हलवून पुन्हा, "कोण नाय गो तिथं."

काकांचेच शब्द. हाडामासातून आल्यासारखे.

नर्सला वाटलं, ते भेटायला कुणी आलं नाही म्हणून बोलतायत. "आहेत ना बाबा, मुलगी आहे," ती म्हणाली. मी तिला काही सांगितलं नाही. मी उरलेली अर्धीही स्वतःच म्हटली. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. त्या दुपारी मला देवाची भीती वाटली नाही. तो नसेल, याची वाटली. पहिल्यांदा.

आणि मग पप्पा वाचले. डॉक्टरही चकित झाले. इंजेक्शनांनी पाणी उतरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्क काढून नाकाला ऑक्सिजनची साधी नळी लावली. मला बघून ते आधी म्हणाले, "दाढी करायला सांग कोणाला तरी. उद्या ईस्टर हाय." मग छताकडे बघत विचारलं,

"मी काय बोललो का काल?"

खोटं बोलता आलं असतं. नर्स शेजारीच होती, ती सुद्धा नाही म्हणाली असती. पण या माणसाला आयुष्यभर गोड खोटं चाललं नव्हतं. आणि मला त्यांच्याशी सरळच बोलता येतं, वाकडं येत नाही.

"बोललास," मी म्हटलं. "कोण नाय म्हणालास. दोनदा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता मीच यांना मारलं. कोपऱ्यातून पाणी आलं आणि कानात गेलं. मी पदराने पुसलं.

"दादासारखंच," ते म्हणाले. थोरल्या काकांना ते दादा म्हणायचे.

"हो. पण तो त्याच दिवशी गेला. तू आज दाढी करायला मागतोयस. तुला उद्या ईस्टर हाय हे माहीत हाय. दादाला दुसरी सकाळ मिळाली असती तर त्याने पण काय मागितलं असतं, कोणाला माहीत?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मला वाटलं, त्यांना पटलं. तसं वाटून घ्यायला मला बरं वाटत होतं. मग त्यांनी माझं मनगट धरलं. फिटरचा हात, अजून पकड होती.

"दर वेळेला दुसरी सकाळ नाय मिळत," ते म्हणाले. "पुढल्या वेळेला फादर येतील. ख्रिस्ताचं शरीर म्हणतील. मी आमेन म्हणलो नाय, काय वाकडंतिकडं बोललो, तोंड फिरवलं, तर ते माझं धरू नको. आजचं धर. आज मी तुला सांगतो. तेव्हा तू म्हण आमेन. माझ्या जागी."

"असं चालतं का?" भाकर घेताना आमेन, म्हणजे 'हो, मानतो', हे ज्याचं त्यानेच म्हणायचं असतं.

"मला काय माहीत चालतं का. तू म्हण."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ते घरी आले आणि पावसाळा पार केला. गोळ्या वेळेवर घेत होते, माझ्यासमोर, जीभ बाहेर काढून दाखवत. थट्टा करायचे, चारकोपला आमची शेती होती तिथे आता किती सेक्टर झाले ते मोजायचे. पण संध्याकाळी रोझरीला बसलं की मी त्यांच्याकडे बघत राहायचे. प्रत्येक नमो मरियाच्या शेवटी ते किंचित थांबायचे आणि स्वतःच्याच आवाजाला कान द्यायचे. आत काही तुटल्याचा आवाज येतो का, ते ऐकत असावेत. मग मीही ऐकायला लागले. घरात एक जास्तीचं माणूस राहायला आलंय, असं त्या महिन्यांत मला वाटायचं, आणि त्याला जा म्हणता येत नव्हतं.

नव्या भाताच्या सणाला, देवळात लोंब्यांना आशीर्वाद देतात त्या रविवारी, त्यांनी जेवण टाकलं. पुढच्या दिवसांत हॉस्पिटल नको म्हणाले आणि डॉक्टरांनीही मग आग्रह केला नाही. मग एका दुपारी मी फादरना फोन केला. ते मोटरसायकल क्रुसापाशीच टाकून धावत आले. नवरा कॉटच्या पायाशी उभा होता. दारात शेजारची माणसं जमली होती, जमतातच. फादरनी कपाळाला आणि हातांना आजाऱ्यांचं पवित्र तेल लावलं. पप्पांचे डोळे उघडे होते. मग फादरनी पवित्र भाकरीचा लहानसा तुकडा वर धरला आणि म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर."

पप्पांनी तुकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

श्वास पुरत नव्हता म्हणून फिरवलं असेल. खिडकीचा उजेड डोळ्यांवर येत होता, त्यानेही असेल. दारातली माणसं बघत होती. फादरचा हात हवेतच राहिला. मी कॉटच्या पलीकडे गेले, पप्पांच्या चेहऱ्यासमोर गुडघ्यावर बसले आणि दारात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "आमेन."

त्यांचे ओठ थोडे उघडले. श्वासासाठी की त्या भाकरीसाठी, ते मी इतक्या जवळून बघूनही सांगू शकत नाही. फादरनी तो तुकडा जिभेवर ठेवला, मी चमच्याने पाणी सोडलं. ते गिळलं गेलं. संध्याकाळ व्हायच्या आत पप्पा गेले, त्यानंतर एक शब्द न बोलता.

गावठाणात सगळे विचारत होते, शेवट कसा झाला? दारातल्या माणसांनीच सांगितलं, शेवटची पवित्र भाकर खाऊन गेले, भाग्यवान. मी मान हलवली.

आता मी दर रविवारी देवळात भाकरीच्या रांगेत उभी राहते. माझी पाळी येते, फादर भाकर वर धरून ते शब्द म्हणतात आणि मी आमेन म्हणते, जरा जोरातच, इतकं की नवरा एकदा म्हणाला, "ओरडतेस का?" मला भीती वाटते, हे मी त्याला सांगितलेलं नाही. माझं हाडही तेच आहे. पप्पांच्या वेळी मी होते. मुलगी कॅनडात आहे आणि तिला हे फोनवर कसं सांगायचं ते मला समजत नाही. नवरा माझ्यापेक्षा मोठा आहे. माझ्या जागी आमेन म्हणायला मी अजून कुणालाच सांगून ठेवलेलं नाही.